बहिणीच्या शोधात निघालेला राजा

सम्राट हर्षवर्धनाची आपल्या भागातील विद्यार्थ्यांना होणारी पहिली ओळख पराभूत राजा म्हणूनच होते. बदामी-ऐहोळेची सहल ज्यांनी केली असेल, त्यांनी ऐहोळेच्या टेकडीवरील मेगुती मंदिराच्या भिंतीत बसविलेला रविकीर्तीचा शिलालेख पाहिलाच असेल. इ.स. ६३४-३५ मधील या लेखात चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्यापुढे हर्षाचा हर्ष कसा मावळला, यावर कवीने मोठ्या अभिमानाने शब्दश्लेष साधला आहे. पुलकेशीचा अभिमान आपल्या कन्नड भाषिक मित्रांना आहे आणि ज्याच्या राज्याला ह्युएनत्संग या चिनी प्रवाशाने महाराष्ट्र म्हटले, त्याचा राजा म्हणून मराठी भाषिकांनाही आहे. तो असावाच. परंतु नर्मदेच्या पलीकडे उभा असलेला तो पराभूत राजा कोण होता, कोणते दुःख गिळून तो सिंहासनावर बसला होता आणि त्याच्या छावणीत त्याच्यासोबत कोण राहत होते, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. शाळेच्या पुस्तकात हर्षाचे साम्राज्य, हर्षाचे दान आणि हर्षाचा मृत्यू एवढे येते. त्याची बहीण राज्यश्री एखाद्या ओळीत येते आणि पुढच्या ओळीत नाहीशी होते. माझ्या मते मात्र हर्षाचे चरित्र समजून घ्यावयाचे असेल, तर ते या बहीण-भावाच्या चरित्राच्या रूपानेच वाचले पाहिजे.

आजच्या हरियाणातील कुरुक्षेत्राजवळचे थानेसर ही हर्षाच्या वडिलांची राजधानी. वडील प्रभाकरवर्धन, आई यशोमती. थोरला मुलगा राज्यवर्धन, मधला हर्ष आणि सर्वांत धाकटी राज्यश्री. हर्षाचा जन्म इ.स. ५९० च्या सुमाराचा. यशोमतीच्या भावाचा मुलगा भंडी हाही लहानपणीच या घरी आला आणि राजपुत्रांचा सवंगडी झाला. बाणभट्टाने आपल्या ‘हर्षचरित’ या संस्कृत ग्रंथात या घराचे वर्णन केले आहे. बाण हा कवी असल्यामुळे त्याच्या वर्णनात अलंकार पुष्कळ आहेत. परंतु हर्षाचे ताम्रपट आणि ह्युएनत्संगाचा वृत्तांत ठळक घटनांबाबत त्याला दुजोरा देतात.

राज्यश्री वयात आली तेव्हा कनौजच्या मौखरी घराण्यातील ग्रहवर्मा याच्याशी तिचा विवाह झाला. बाणाने त्या लग्नघरातील धावपळ मोठ्या हौसेने रंगविली आहे. रंगारी कपडे रंगवीत आहेत, सोनार दागिने घडवीत आहेत, चितारी भिंती रंगवीत आहेत. आपल्याकडील लग्नघरात जे असते ते सर्व तेथे आहे आणि मुलगी परक्या घरी जाणार म्हणून मनात कुढणारा बापही आहे. लग्न झाले, वऱ्हाड परतले, राज्यश्री सासरी गेली. हे कुटुंब एकत्र असल्याचे यानंतर आपल्याला कधीच पाहावयास मिळत नाही.

पुढील घटना एकामागून एक इतक्या वेगाने घडल्या की, वाचतानाही श्वास घ्यावयास उसंत मिळत नाही. प्रभाकरवर्धनाने थोरल्या राज्यवर्धनाला हूणांवर स्वारीसाठी उत्तरेकडे पाठविले. हर्षही काही मजल त्याच्यासोबत गेला आणि हिमालयाच्या पायथ्याशी शिकारीत रमला. त्याचे वय तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे असावे. तेथे राजधानीहून जासूद आला. वडील तीव्र ज्वराने अंथरुणाला खिळले होते. हर्ष अन्नपाणी सोडून घोड्यावरून परतला. वाटेत त्याने काही खाल्लेले नाही हे त्या मरणोन्मुख पित्याच्या लक्षात आले आणि मुलगा जेवल्याशिवाय आपण पथ्यपाणी घेणार नाही, असा हट्ट त्याने धरला. राजवाड्यातील हा प्रसंग कोणत्याही सामान्य घरातील वाटावा असाच आहे.

वडील वाचणार नाहीत हे दिसताच आई यशोमतीने पतीच्या आधीच अग्निप्रवेश करण्याचे ठरविले. हर्षाने तिचे पाय धरले, विनवण्या केल्या. तिने ऐकले नाही. सरस्वतीच्या तीरी ती चितेवर चढली आणि थोड्याच वेळात वडिलांनीही प्राण सोडला. एकाच दिवशी आई व वडील गेले, ते एकट्या हर्षाच्या डोळ्यांदेखत. थोरला भाऊ रणांगणावर होता आणि बहीण दूर कनौजला.

राज्यवर्धन परतला तो अंगावर जखमांच्या पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत. शोकाने खचून त्याने राज्य धाकट्या भावाला देऊन वनात जाण्याची इच्छा बोलून दाखविली. दोघे भाऊ एकमेकांवर राज्य ढकलीत असतानाच राज्यश्रीचा सेवक धावत आला. माळव्याच्या राजाने कनौजवर चाल करून ग्रहवर्म्याला ठार मारले होते आणि राज्यश्रीच्या पायांत लोखंडी बेड्या ठोकून तिला कारागृहात टाकले होते. राज्यवर्धनाने वैराग्याचा विचार तत्क्षणी सोडला. दहा हजार घोडदळ आणि भंडीला बरोबर घेऊन तो निघाला. मलाही न्या, अशी हर्षाने विनवणी केली. परंतु थोरल्याने त्याला मागे ठेवले. त्याने माळव्याच्या सैन्याचा सहज पराभव केला. परंतु त्यानंतर गौड देशाच्या राजाने त्याला विश्वासात घेऊन, तो एकटा व निःशस्त्र असताना त्याची हत्या केली. हा गौडराजा म्हणजे शशांक. अशा रीतीने इ.स. ६०६ च्या सुमारास, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी हर्षावर राज्याचा भार येऊन पडला. जवळच्या माणसांपैकी उरली होती एकटी बहीण आणि तीही शत्रूच्या कैदेत.

हर्षाने सूडाची प्रतिज्ञा केली आणि प्रचंड सेना घेऊन तो निघाला. वाटेत मळलेल्या वस्त्रांनिशी भंडी येऊन भेटला. माळव्याच्या राजाकडून जिंकलेले हत्ती-घोडे आणि खजिना त्याने सोबत आणला होता. परंतु मुख्य बातमी वेगळीच होती. कनौजच्या गोंधळात राज्यश्रीची सुटका झाली होती आणि आपल्या दासींसह ती विंध्याच्या अरण्यात शिरली होती. तिच्या शोधासाठी माणसे धाडली होती, पण कोणी परत आले नव्हते.

या ठिकाणी हर्षाने जो निर्णय घेतला तो मला त्याच्या सर्व विजयांपेक्षा मोठा वाटतो. सूडाची प्रतिज्ञा ताजी होती, सैन्य सज्ज होते आणि शत्रू समोर होता. सेनापतींना विचारले असते तर त्यांनी गौडावर चालून जाण्याचाच सल्ला दिला असता. हर्षाने सैन्य भंडीच्या हवाली केले आणि मोजकी माणसे घेऊन तो स्वतः विंध्यारण्यात शिरला. बहिणीचा शोध हे काम दुसऱ्यावर सोपविण्याचे नाही, असे त्याने मानले.

तो कित्येक दिवस रानात भटकला. त्या रानातील माणसांचे बाणाने केलेले वर्णन संस्कृत वाङ्मयात दुर्मिळ आहे. कोळशासाठी लाकडे जाळणारे, मध व मेण गोळा करणारे, पक्ष्यांना फासे लावणारे, रानातील लहान तुकड्यांवर कुदळीने शेती करणारे लोक त्याने डोळ्यांसमोर उभे केले आहेत. राजाला वाट दाखविली ती निर्घात नावाच्या एका शबर तरुणाने. जवळच दिवाकरमित्र नावाचे बौद्ध भिक्षू राहतात, त्यांना काही ठाऊक असेल, असे त्याने सांगितले. हा दिवाकरमित्र ग्रहवर्म्याचा बालमित्र होता. त्याच्या आश्रमात निरनिराळ्या पंथांचे लोक एकत्र बसून अभ्यास व वादविवाद करीत असत. हर्ष त्याच्याशी बोलत असतानाच एक भिक्षू घाईघाईने आला. दुःखाने वेडावलेली एक कुलीन स्त्री अग्निप्रवेशाच्या तयारीत आहे, असे त्याने सांगितले.

हर्ष धावला. राज्यश्री चितेपुढे मूर्च्छित होण्याच्या बेतात होती. त्याने आपला हात तिच्या कपाळावर ठेवला. आईच्या वेळी त्याने पाय धरले होते आणि ते निष्फळ झाले होते. या वेळी तो वेळेवर पोहोचला.

दोघे गळ्यात गळा घालून रडले. थोड्या वेळाने, मन शांत झाल्यावर, हर्षाने तिच्या परिवाराकडून सर्व हकीकत ऐकून घेतली. कैद, सुटका, थोरल्या भावाच्या मृत्यूची बातमी ऐकून तिने सोडलेले अन्न, अरण्यातील भटकंती हे सारे त्याला तेव्हा कळले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आईवडिलांचा मृत्यू हर्षाने पाहिला होता, राज्यश्रीने नाही. कनौजचा संहार राज्यश्रीने भोगला होता, हर्षाने नाही. एकाच घराच्या विनाशाची अर्धी कथा एकाजवळ आणि अर्धी दुसऱ्याजवळ होती. ही दोघे भेटली नसती तर त्या घराची संपूर्ण हकीकत जाणणारे जगात कोणीच उरले नसते. भावंडांचे नाते इतर नात्यांहून वेगळे असते ते यासाठीच. आपले घर आतून कसे होते, हे आपल्याशिवाय फक्त त्यांनाच ठाऊक असते.

राज्यश्रीने काषाय वस्त्रे घेऊन भिक्षुणी होण्याची अनुमती मागितली. दिवाकरमित्राने तिला भावाच्या इच्छेप्रमाणे वागण्याचा उपदेश केला. हर्षाने नकार दिला नाही, परंतु एक मुदत मागितली. आपली प्रतिज्ञा पूर्ण होईपर्यंत तिने आपल्याजवळ राहावे, दिवाकरमित्राने तिला बोध करीत सोबत यावे आणि कार्य संपल्यावर आपण दोघेही काषाय वस्त्रे परिधान करू, असे तो म्हणाला. दिवाकरमित्राने ते मान्य केले. बहिणीला घेऊन हर्ष गंगेच्या तीरावरील छावणीत परतला आणि तिचा शोध कसा लागला ते त्याने आपल्या माणसांना सांगितले. त्या संध्याकाळी बाणाचा ग्रंथ थांबतो. दिग्विजय नाही, राज्याभिषेकाचा सोहळा नाही. बहीण सापडली आणि कथा संपली!

ही कथा लिहिणारा बाणही पोरकाच होता. आई त्याच्या बालपणीच वारली आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास वडीलही गेले. नाना धंद्यांच्या मित्रांसह तो देशोदेशी भटकला. हर्षाने त्याला बोलावून घेतले तेव्हा त्यांची भेट झाली तीही छावणीतच. पुढे गावी परतल्यावर चुलत भावांनी आग्रह केला म्हणून त्याने हर्षाची कथा सांगावयास घेतली. भावंडांची ही कथा मुळात भावांनाच सांगितली गेली आहे.

यानंतरच्या चाळीस वर्षांतील हर्षाचे आयुष्य बहुतांशी प्रवासात गेले. ह्युएनत्संग सांगतो की, राजा एका ठिकाणी फार काळ राहत नसे. राज्यभर पाहणी करीत फिरे, जेथे मुक्काम पडेल तेथे तात्पुरती निवासस्थाने उभारली जात आणि पावसाळ्याचे तीन महिने तेवढा प्रवास बंद असे. त्याचे ताम्रपटही हेच सांगतात. उत्तर प्रदेशात शाहजहानपूरजवळ बांसखेडा येथे सापडलेला ताम्रपट इ.स. ६२८ चा आहे, तर मधुबन येथील ताम्रपट इ.स. ६३१ चा. दोन्ही राजधानीतून नव्हे, छावणीतून दिलेले आहेत. मधुबनच्या ताम्रपटात बनावट दस्तऐवजाच्या आधारे कोणी उपभोगीत असलेले गाव काढून घेऊन ते दुसऱ्यांना दिल्याची नोंद आहे. फिरत्या राजाचे लक्ष एका गावाच्या कागदपत्रांपर्यंत पोहोचत होते, असा त्याचा अर्थ.

परंतु या ताम्रपटांतील आणखी एक नोंद मला अधिक मोलाची वाटते. दान देताना ते कोणाच्या पुण्यासाठी दिले हे सांगण्याची त्या काळी रीत होती. हर्षाने तेथे तीन नावे घातली आहेत : वडील प्रभाकरवर्धन, आई यशोमती आणि थोरला भाऊ राज्यवर्धन. बांसखेड्याच्या लेखात, दिलेल्या शब्दाला जागून राज्यवर्धनाने शत्रूच्या घरी प्राण गमावल्याचाही उल्लेख आहे. त्या घटनेला तेव्हा बावीस वर्षे झाली होती. जमिनीच्या व्यवहाराच्या कागदातही हा माणूस आपल्या घरच्यांना विसरला नाही. त्या पत्र्यावर खाली हर्षाची स्वतःची वळणदार सही आहे.

या छावण्यांत राज्यश्री होती का? याला चांगला पुरावा आहे. इ.स. ६४३ च्या सुमारास ह्युएनत्संग आणि हर्ष यांची पहिली भेट झाली ती पूर्वेकडे राजमहालजवळच्या कजंगल येथील मुक्कामात. ह्युएनत्संगाच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात या भेटीच्या वेळी राजाची बहीण त्याच्या मागे बसली होती, असे म्हटले आहे. ती अत्यंत बुद्धिमान होती, बौद्धांच्या सम्मितीय पंथाच्या तत्त्वज्ञानात पारंगत होती आणि महायानाचे विवेचन ऐकून तिला आनंद झाला, अशी ती नोंद आहे. विंध्यारण्यात चितेसमोर उभी असलेली मुलगी जवळजवळ सदतीस वर्षांनंतर राजसभेत बसून तत्त्वचर्चा ऐकत होती. हर्ष विधवा बहिणीसह राज्यकारभार पाहत असे, असे दुसऱ्या एका चिनी ग्रंथातही नमूद आहे. ज्या काळात तिच्या आईला चितेशिवाय दुसरी वाट दिसली नाही, त्याच काळात ही स्त्री वैधव्यानंतर शिकली, फिरली आणि राज्याच्या कामात सहभागी झाली. त्याचे कारण शास्त्राधार किंवा कायदा नव्हते. एका भावाने तिला सोबत घेतले आणि तिने जगण्याचे मान्य केले, एवढेच ते कारण.

हर्षाचे सर्व बेत तडीस गेले असे मात्र नाही. शशांकावरील सूडाची जी प्रतिज्ञा त्याने केली होती, ती त्याच्या मनाप्रमाणे लवकर पूर्ण झाली नाही. शशांक त्यानंतरही बरीच वर्षे राज्य करीत होता. दक्षिणेत पुलकेशीने त्याला रोखले. हे युद्ध नेमके केव्हा झाले याबद्दल विद्वानांत मतभेद होते. परंतु अलीकडे प्रकाशित झालेल्या पुलकेशीच्या इ.स. ६१९ च्या ताम्रपटात या विजयाचा उल्लेख असल्यामुळे ते त्यापूर्वीच झाले, हे आता स्पष्ट झाले आहे. काषाय वस्त्रांचे वचनही शब्दशः पाळले गेले नाही, कारण हर्ष अखेरपर्यंत राजाच राहिला. पण तो केवळ योद्धा नव्हता. ‘रत्नावली’, ‘प्रियदर्शिका’ व ‘नागानंद’ ही तीन संस्कृत नाटके त्याच्या नावावर आहेत. पहिल्या दोन नाटकांच्या नायिका आपल्या माणसांपासून दुरावलेल्या राजकन्या आहेत आणि शेवटी त्यांची ओळख पटते. प्रियदर्शिकेचे वडील तर शत्रूच्या कैदेत पडलेले आहेत, ती अरण्यातून आणली गेलेली आहे आणि विष घेतल्यावर ऐन वेळी वाचविली जाते. जुन्या नाटकांत अशी कथानके असतातच, हे खरे. तरीही हर्षाने हेच कथानक निवडावे, हे विचार करण्यासारखे आहे.

दर पाच वर्षांनी हर्ष प्रयागला गंगा-यमुनेच्या संगमावर मोठा दानोत्सव भरवीत असे. इ.स. ६४३ चा उत्सव ह्युएनत्संगाने स्वतः पाहिला. पंच्याहत्तर दिवस तो चालला. पहिल्या दिवशी बुद्धाच्या मूर्तीची स्थापना झाली, दुसऱ्या दिवशी सूर्याची आणि तिसऱ्या दिवशी शिवाची. याचे उदाहरण हर्षाची धर्मसहिष्णुता म्हणून सर्वत्र दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु बांसखेड्याचा ताम्रपट जवळ ठेवून पाहिले म्हणजे आणखी काही दिसते. त्या ताम्रपटात वडील प्रभाकरवर्धन सूर्यभक्त, थोरला राज्यवर्धन बुद्धाचा उपासक आणि हर्ष स्वतः शिवभक्त म्हटला आहे. राज्यश्रीही बुद्धाचीच उपासक. म्हणजे संगमाच्या वाळूवर ज्या तीन मूर्ती मांडल्या गेल्या, त्यांत थानेसरच्या एका घरातील माणसांची दैवते होती. भावाचे आणि बहिणीचे आधी, वडिलांचे त्यानंतर, स्वतःचे शेवटी.

पाच वर्षांत साठलेला खजिना या उत्सवात वाटून टाकला जाई. राज्याच्या रक्षणासाठी लागणारे हत्ती, घोडे व शस्त्रास्त्रे तेवढी शिल्लक राहत. अखेरीस हर्षाने अंगावरचे दागिने, मुकुटातील रत्न आणि वस्त्रेही दिली. सर्व देऊन झाल्यावर त्याने आपल्या बहिणीकडे एक जुने, वापरलेले वस्त्र मागितले. ते तिने दिले. ते नेसून त्याने दहाही दिशांच्या बुद्धांना वंदन केले.

इ.स. ६४७ च्या सुमारास हर्षाचा मृत्यू झाला. त्याच्या मागे गादीला वारस नव्हता आणि साम्राज्य थोड्याच काळात विस्कटले. एका मंत्र्याने सिंहासन बळकावले आणि थानेसरच्या त्या घराण्याचे नाव राजकारणातून पुसले गेले. जमाखर्च मांडणारा म्हणेल की, हर्षाच्या हाती अखेर काही उरले नाही. साम्राज्याच्या खात्यात ते खरेही असेल. परंतु सोळा-सतरा वर्षांचा एक पोरका मुलगा हातचे सैन्य दुसऱ्याला सोपवून रानात शिरला आणि त्याने एक जीव आगीतून परत आणला. त्या दोघांनी जवळजवळ चाळीस वर्षे एकमेकांच्या सोबतीने गेलेल्या माणसांची आठवण जिवंत ठेवली. दानाच्या शेवटच्या दिवशी, ज्याच्याजवळ काहीही उरले नव्हते अशा राजाला मागण्यासाठी एक घर शिल्लक होते. ते घर बहिणीचे होते.